रोमला कापड पाठवणारे तगर : तेर कसे पाहाल?

रोमला गेलेले मराठी कुटुंब फोरमच्या पडक्या खांबांपुढे हमखास उभे राहते. इथे बाजार भरायचा, इथे मिरवणुका निघायच्या, असे गाइड सांगतो आणि दोन हजार वर्षांपूर्वीचे शहर डोळ्यांपुढे येऊ लागते. त्या रोमन साम्राज्याच्या बाजारपेठेत ज्या गावचे कापड जात होते, ते तगर म्हणजे आजचे तेर. धाराशिव शहरापासून ते वीसेक किलोमीटरवर, तेरणा नदीच्या काठी आहे. तेरला येणारे बहुतेक लोक मात्र संत गोरोबाकाकांच्या समाधीवर माथा टेकवतात आणि तासाभरात परतीची एसटी धरतात.

यात त्यांची चूक नाही. तेरला भव्य असे काही उभे नाही. शहर जमिनीखाली आहे, वर शेते, घरे आणि पांढरीची, म्हणजे जुन्या वस्तीची, टेकाडे. पण रोमच्या फोरमचीही एके काळी हीच गत होती. एकोणिसाव्या शतकात पद्धतशीर उत्खनन होईपर्यंत तो भाग मातीखाली होता, वर गुरे चरत आणि लोक त्याला ‘गाईंचे कुरण’ म्हणत. आज तिथे जे दिसते ते खोदून, मांडून, समजावून सांगितलेले आहे. तेरला ही मांडणी पाहुण्याने स्वतः करायची असते. त्यासाठी काय आधी पाहायचे आणि काय नंतर, हा क्रम महत्त्वाचा. क्रम जमला तर तेरला पूर्ण दिवसही अपुरा पडतो.

निघण्याआधी एवढे माहीत हवे

इसवी सनाच्या पहिल्या शतकात इजिप्तमधल्या एका ग्रीक भाषिक व्यापाऱ्याने तांबड्या समुद्रापासून भारतापर्यंतच्या बंदरांची माहिती लिहून ठेवली. ‘पेरिप्लस’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या पुस्तकाच्या लेखकाचे नाव कोणालाच ठाऊक नाही. दख्खनमधल्या दोन मोठ्या पेठा म्हणून तो पैठण आणि तगर ही नावे देतो. बरिगाझा म्हणजे आजच्या भडोच बंदरापासून पैठण दक्षिणेला वीस दिवसांच्या वाटेवर आणि पैठणहून तगर पूर्वेला आणखी दहा दिवसांच्या वाटेवर, असा त्याचा हिशेब आहे. पैठणहून अकीकासारखे रंगीत दगड यायचे. तगरहून जाडेभरडे कापड, नाना तऱ्हेची मलमल आणि इतर माल गाड्यांत भरून, अवघड वाटांनी भडोचला नेला जायचा. पुढचा प्रवास जहाजाने. भूगोलकार टॉलेमीनेही तगरची नोंद केली आहे.

हा व्यापार किती मोठा होता? रोमन लेखक प्लिनीने त्याच शतकात तक्रार केली आहे की, भारत दर वर्षी साम्राज्याचे पाच कोटी सेस्टर्स ओढून घेतो. सेस्टर्स हे रोमन नाणे. या पैशातला काही वाटा तेरणाकाठच्या विणकरांकडे आला असणार.

तगर म्हणजे नेमके कोणते गाव, यावर एकोणिसाव्या शतकात बराच वाद झाला. देवगिरी आणि जुन्नर ही नावेही पुढे आली. घोटाळ्याचे एक कारण म्हणजे पेरिप्लसने सांगितलेली दिशा. तेर पैठणच्या नेमके पूर्वेला नसून आग्नेयेला आहे. अखेर १९०१ मध्ये अभ्यासक जे. एफ. फ्लीट यांनी तगर म्हणजे तेर हे साधार मांडले. पाठोपाठ पुरातत्त्व खात्याच्या हेन्री कझिन्स यांनी गावातल्या वास्तूंची पाहणी करून सविस्तर वृत्तांत लिहिला. पुढे १९५८ मध्ये संशोधक चापेकर यांनी उत्खनन केले आणि त्यानंतरही वेळोवेळी खोदकामे झाली. त्यांतून सातवाहन काळातल्या भरभराटीच्या शहराचे पुरावे मिळाले.

आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा. शहराचे वैभव ओसरल्यानंतर कित्येक शतकांनी कोकणात आणि कोल्हापुरात राज्य करणारे शिलाहार राजे आपल्या ताम्रपटांत स्वतःला ‘तगरपुरवराधीश्वर’ म्हणवून घेत होते. आपले मूळ तगरचे, हे सांगण्यात त्यांना मोठेपणा वाटत होता.

कसे आणि केव्हा जाल?

धाराशिव हे रेल्वे स्थानक लातूर–कुर्डुवाडी मार्गावर आहे. मुंबईहून रात्री सुटणारी लातूरकडची एक्स्प्रेस इथे पहाटे पोहोचते, त्यामुळे पूर्ण दिवस हाती मिळतो. तिकीट काढताना ‘धाराशिव’ आणि ‘उस्मानाबाद’ ही दोन्ही नावे शोधून पाहा. नाव अधिकृतपणे बदलले असले तरी नकाशे आणि अॅपमध्ये अजून दोन्ही आढळतात. रस्त्याने येणाऱ्यांसाठी सोलापूर–तुळजापूर–धाराशिव–येडशी–बीड हा राष्ट्रीय महामार्ग सोयीचा. धाराशिवहून तेरला एसटी जाते आणि लातूरकडून येणाऱ्यांना ढोकीहून तेर जवळ पडते. परतीच्या शेवटच्या गाडीची वेळ उतरल्या उतरल्या स्थानकावर विचारून ठेवा. तिघे-चौघे असाल तर दिवसभरासाठी धाराशिवहून गाडी ठरवणे उत्तम.

मुक्काम धाराशिव किंवा तुळजापुरात करा. तुळजापुरात राहण्याची सोय मोठी आहे, पण मंगळवार, शुक्रवार, पौर्णिमा आणि नवरात्र हे दिवस देवीच्या भक्तांचे असतात. तेव्हा खोल्याही मिळत नाहीत आणि रस्त्यावरही गर्दी असते.

ऋतू नोव्हेंबर ते फेब्रुवारी. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीपार जातो आणि तेरची टेकाडे बिनसावलीची आहेत. पावसाळ्यात हवा छान, पण काळ्या रानातला चिखल बुटाला असा चिकटतो की दहा पावलांनंतर पाय उचलत नाही. हिवाळ्यात आलात तर वाटेवर ज्वारीचा हुरडा मिळतो, तोही चाखा.

आठवड्याचा वार विचारपूर्वक निवडा. सरकारी संग्रहालये बहुधा सोमवारी बंद असतात आणि सार्वजनिक सुट्ट्यांनाही बंद असू शकतात. तेरची अर्धी मजा संग्रहालयात आहे, तेव्हा ते उघडे असल्याची खात्री केल्याशिवाय निघू नका.

सकाळी : त्रिविक्रमाचे देऊळ, आधी मागच्या बाजूने

गावात पोहोचल्यावर पहिली भेट त्रिविक्रम मंदिराला. हे नांदते देऊळ आहे, त्यामुळे सकाळी लवकर उघडलेले असते. समोरच्या मंडपातून थेट आत जाण्याचा मोह आवरा आणि आधी देवळाला वळसा घालून मागे जा. मागची भिंत सरळ नाही, ती अर्धवर्तुळाकार वळलेली आहे आणि वरचे विटांचे छत हत्तीच्या पाठीसारखे घुमटत गेले आहे. वास्तुशास्त्रात याला गजपृष्ठाकार म्हणतात. कार्ले किंवा भाजे पाहिले असेल तर हा आकार ओळखीचा वाटेल. बौद्ध चैत्यगृहाचा तळ असाच असतो. फरक इतकाच की कार्ल्याचे चैत्यगृह डोंगर कोरून केले आहे आणि तेरचे विटांनी बांधून उभे केले आहे.

मूळचे हे चैत्यगृह असावे आणि पुढे त्यात विष्णूची स्थापना झाली असावी, असे कझिन्स यांचे मत होते. डोंगरात कोरलेली चैत्यगृहे टिकली, बांधलेली बहुतेक पडली. छतासकट उभे राहिलेले असे बांधीव नमुने भारतात हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. आंध्र प्रदेशातले चेझर्ला येथील कपोतेश्वर मंदिर हा असाच एक. म्हणजे आपण जे पाहतो आहोत ते देशातल्या दुर्मीळ वास्तूंपैकी एक आहे.

मग आत जा. पुढचा सपाट छताचा मंडप नंतर जोडलेला आहे. गाभाऱ्यात एक पाय वर उचललेला त्रिविक्रम आहे, बळीच्या कथेतला. भिंतीजवळ गेलात तर विटांचा आकार नीट पाहा. आजच्या विटेपेक्षा त्या बऱ्याच मोठ्या आहेत. या विटांची आठवण ठेवा, संग्रहालयात ती कामी येईल.

वेळ असेल तर गावातली उत्तरेश्वर आणि कालेश्वर ही विटांची जुनी देवळे आणि महावीरांचे जैन मंदिरही पाहून घ्या. बौद्ध, वैष्णव, शैव आणि जैन या चारही परंपरांच्या खुणा एकाच गावात चालत फिरण्याच्या अंतरावर आहेत. मोठ्या पेठेच्या गावाचे हे लक्षण आहे.

दुपारी : लामतुरे संग्रहालय, किमान दोन तास

रामलिंगप्पा लामतुरे हे तेरचेच रहिवासी. गावच्या टेकाडांवर आणि शेतांत सापडणाऱ्या वस्तू त्यांनी वर्षानुवर्षे गोळा केल्या, जपल्या आणि पुढे हा संग्रह शासनाकडे आला. त्यांच्या नावाने उभे राहिलेल्या शासकीय संग्रहालयात हजारो वस्तू आहेत. इतक्या वस्तूंपुढून नुसते चालत गेलात तर दहा मिनिटांत बाहेर पडाल आणि काहीच लक्षात राहणार नाही. त्याऐवजी पुढच्या पाच गोष्टी शोधून पाहा. एखादी मांडलेली दिसली नाही, तर तिथल्या कर्मचाऱ्यांना नाव घेऊन विचारा.

पहिली, हस्तिदंती स्त्रीमूर्ती. उंचीने वीतभरसुद्धा नाही, पण तेरचे नाव जगभरच्या अभ्यासकांना माहीत झाले ते हिच्यामुळे. इटलीत इसवी सन ७९ मध्ये व्हेसुव्हियस ज्वालामुखीच्या उद्रेकात पाँपेई शहर गाडले गेले. १९३८ मध्ये तिथल्या एका घराच्या अवशेषांत अमेदेओ मायुरी यांना एक हस्तिदंती भारतीय स्त्रीमूर्ती सापडली. आज ती नेपल्सच्या पुरातत्त्व संग्रहालयात आहे. अंगभर दागिने, उभे राहण्याची ढब आणि घडण यांत तेरची मूर्ती तिच्या जवळची आहे. जालना जिल्ह्यातल्या भोकरदनलाही याच घराण्यातला नमुना मिळाला. त्यामुळे पाँपेईची मूर्ती दख्खनमधल्या कारागिरांनी घडवली असावी, असे काही अभ्यासक मानतात. तिच्या तळाशी खरोष्ठी अक्षर असल्याने इतर अभ्यासक तिचे मूळ वायव्येकडे शोधतात. वाद मिटलेला नाही. तुम्ही तेरची मूर्ती पाहून घ्या, कधी नेपल्सला गेलात तर तिथली पाहा आणि आपले मत बनवा. अशा मूर्ती कशासाठी वापरत, यावरही अंदाजच आहेत. आरशाची मूठ किंवा छोट्या मेजाचा पाय, असे दोन अंदाज मुख्य.

दुसरी, पांढऱ्या मातीच्या छोट्या मूर्ती. केओलिन नावाच्या पांढऱ्या, बारीक मातीच्या या मूर्ती दोन अर्ध्या साच्यांत वेगवेगळ्या दाबून मग जोडलेल्या असतात, म्हणून आतून पोकळ. मूर्तीच्या बाजूला जोडाची बारीक रेघ दिसते का ते पाहा. मग केशरचना, कर्णभूषणे, गळ्यातले दागिने निरखा. सातवाहन काळातल्या श्रीमंत घरातली नटण्याची पद्धत यातून समजते.

तिसरी, मणी आणि बांगड्या. अकीक, कार्नेलियन, काच अशा नाना प्रकारच्या मण्यांचा इथे खच आहे. मण्याचे भोक बघा. इतक्या कठीण दगडाला सुईएवढे आरपार भोक पाडणे हे हातावर चालवायच्या गिरमिटाचे काम. शंखाच्या बांगड्याही आहेत. शंख समुद्रातला आणि तेरपासून समुद्र शेकडो किलोमीटर दूर. व्यापार एकतर्फी नव्हता, हे त्यावरून कळते.

चौथी, पाण्यावर तरंगणारी वीट. सकाळी देवळात पाहिलेल्या विटांची आठवण इथे काढा. मातीत भाताचे तूस मिसळून भाजले की तूस जळून जाते, वीट सच्छिद्र होते आणि इतकी हलकी बनते की पाण्यात बुडत नाही. घुमटदार छताचा भार भिंतींवर कमी पडावा म्हणून ही युक्ती. मुले बरोबर असतील तर त्यांना हीच गोष्ट सर्वांत जास्त आवडेल.

पाचवी, उत्तरेश्वराच्या देवळाची कोरीव लाकडी चौकट. आपल्या हवेत लाकूड टिकत नाही, वाळवी आणि ओल त्याला खाऊन टाकतात. त्यामुळे एवढ्या जुन्या मंदिराचे लाकडी कोरीवकाम पाहायला मिळणे ही चैनच समजा. दगडी देवळांच्या द्वारशाखांवर जे नक्षीकाम आपण पाहतो, ते आधी लाकडात कसे होत असेल, हे इथे उमगते.

आत फोटो काढण्याआधी परवानगी विचारा आणि परवानगी मिळाली तरी फ्लॅश वापरू नका. जेवण गावातल्या साध्या खानावळीत होईल. भाकरी, पिठले, शेंगदाण्याची चटणी मिळाली तर पंचतारांकित थाळी मागू नका. पिण्याचे पाणी सोबत ठेवा. स्वच्छतागृहाची सोय गावात बेताचीच धरून चला, विशेषतः महिला आणि वृद्ध सोबत असतील तर धाराशिवहून निघतानाच त्याचा विचार करा.

उन्हे कलल्यावर : पांढरीची टेकाडे

संग्रहालयाआधी टेकाडावर गेलात तर मातीचा ढिगारा दिसेल. संग्रहालयानंतर गेलात तर तीच माती बोलू लागते, म्हणून टेकाडे दुपारनंतर. उन्हे तिरपी झाली की जमिनीतले उंचसखलपण सावल्यांमुळे उठून दिसते आणि विटांच्या ओळी, भिंतींच्या कडा ओळखता येतात.

टेकाड म्हणजे शतकानुशतके एकाच जागी राहिलेल्या वस्तीचा साचत गेलेला थर. घर पडले, त्यावर नवे बांधले, तेही पडले, असे होत जमीन चढत गेली. जिथे पावसाने किंवा खोदकामाने टेकाडाची कड उघडी पडली आहे तिथे उभे राहून खालून वर पाहा. राखेचा काळपट पट्टा, मग पिवळट माती, मग खापरांचा थर असे रंग दिसतील. खालचा थर सर्वांत जुना. पायाखालची खापरेही पाहा. काही काळी-तांबडी, काही चकचकीत लाल, काही जाड आणि खडबडीत. उत्खननात इथे विटांच्या बौद्ध स्तूपाचे अवशेषही निघाले होते.

इथे एक सक्त सूचना. पाहा, हातात घेऊन पाहा, फोटो काढा, पण खापराचा कपचाही खिशात घालू नका. सापडलेली वस्तू मूळ जागेवर असेल तरच ती कोणत्या थरातली, कोणत्या काळातली हे सांगता येते. घरातल्या शोकेसमध्ये ती नुसते खापर होते. नाणे, मणी किंवा मूर्तीसारखी महत्त्वाची वस्तू दिसली तर संग्रहालयाला कळवा. कोणी जुनी वस्तू विकायला आणली तर घेऊ नका. पुरावस्तूंच्या खरेदी-विक्रीवर १९७२ च्या कायद्याने निर्बंध आहेत. टेकाडाच्या आजूबाजूला शेते आहेत, तेव्हा पिकात पाय घालू नका आणि शेतकऱ्याला विचारल्याशिवाय बांध ओलांडू नका. विचारलेत तर बहुधा तोच चार गोष्टी अधिक सांगेल.

संध्याकाळी : गोरोबाकाकांची समाधी

दिवसाचा शेवट तेरणेच्या काठी गोरोबाकाकांच्या मंदिरात करा. संत गोरा कुंभार ज्ञानेश्वर-नामदेवांचे समकालीन, वयाने त्या सर्व संतांत वडील, म्हणून ‘काका’. संतांची मडकी पक्की की कच्ची हे त्यांनी थापटण्याने डोक्यावर टकटक करून पारखले आणि नामदेवांचे मडके कच्चे ठरले, ही कथा महाराष्ट्रातल्या शाळकरी मुलांनाही माहीत आहे. परंपरेने त्यांची समाधी इसवी सन १३१७ मधली मानली जाते आणि चैत्र वद्य त्रयोदशीला इथे यात्रा भरते. यात्रेच्या दिवसांत गाव माणसांनी फुलून जाते. भक्तीसाठी यायचे तर तेव्हा या, पुरातत्त्व पाहायचे असेल तर ते दिवस टाळा.

दिवसभर मातीच्या मूर्ती, विटा आणि खापरे पाहून झाल्यावर कुंभाराच्या समाधीपुढे उभे राहण्यात एक वेगळे औचित्य आहे. या गावात मातीकामाची परंपरा गोरोबांच्या आधी हजार वर्षांपेक्षाही जुनी होती.

दुसरा दिवस हाती असेल तर

सकाळी धाराशिव लेणी. शहरापासून सात-आठ किलोमीटरवर बालाघाटाच्या डोंगरात ही लेणी आहेत. खडक ठिसूळ असल्याने पडझड बरीच झाली आहे, पण दुसऱ्या क्रमांकाच्या लेण्याचा विशाल मंडप आणि भोवतालच्या खोल्या पाहताना अजिंठ्याची आठवण येते. लेणी मूळची बौद्ध की जैन यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. आज तिथे जैन तीर्थंकरांच्या मूर्ती दिसतात आणि मुनी कनकामर यांच्या ‘करकंडचरिउ’ या अपभ्रंश काव्यात तेरापुराजवळच्या डोंगरातल्या लेण्यांचा उल्लेख आहे. म्हणजे तेर आणि ही लेणी जोडीनेच पाहायची. पायी चालावे लागते, त्यामुळे ऊन चढण्याआधी जा आणि बूट चांगले घाला.

दुपारी दोनपैकी एक किल्ला निवडा, दोन्ही करू नका. दिशा उलट्या आहेत. नळदुर्ग सोलापूर–हैदराबाद महामार्गावर. दुसऱ्या इब्राहीम आदिलशहाच्या काळात १६१३ मध्ये बोरी नदीवर बांधलेल्या धरणाच्या भिंतीतच इथला पाणीमहाल आहे. नदी भरून वाहू लागली की ‘नर’ आणि ‘मादी’ हे दोन धबधबे महालावरून कोसळतात. ते पाहायचे तर पावसाळ्याच्या अखेरीस आणि नदीला पाणी आहे का हे विचारूनच जा.

परांडा जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला. भुईकोट, खंदकाने वेढलेला, तोफांसाठी प्रसिद्ध. १६०० मध्ये मुघलांनी अहमदनगर घेतल्यावर मलिक अंबरने मुर्तझा निजामशहाला गादीवर बसवले तेव्हा काही काळ परांडा हीच निजामशाहीची राजधानी होती. आज विजापूरला असलेली मलिक-ए-मैदान तोफ परांड्याहूनच तिकडे नेली गेली. त्या बाजूला गेलात तर कुंथलगिरीचा पेढा आणि धाराशिवला परतल्यावर खव्याचे गुलाबजाम, या दोन गोष्टी चुकवू नका.

एक विनंती

तेरला जाण्याचा खर्च फार नाही. एक दिवस, एसटीचे तिकीट आणि थोडी पूर्वतयारी पुरे. आठवी-नववीतल्या मुलांना तर जरूर न्या. सातवाहन आणि रोमन व्यापार हे पाठ्यपुस्तकातले दोन परिच्छेद त्यांना तिथे प्रत्यक्ष हाताला लागतील. शिक्षक असाल तर शाळेची सहल न्या आणि संग्रहालयाला आधी कळवून न्या, म्हणजे माहिती सांगणारे कोणी भेटेल.

संग्रहालयातून निघताना तिथली अभिप्रायाची वही मागून घ्या. नुसते ‘छान’ लिहू नका. कोणती वस्तू आवडली, कोणती फलकाअभावी समजली नाही, कुठे प्रकाश कमी होता, गावात कोणती सोय हवी होती, हे तारखेसह आणि नावासह लिहा. पाहुणे येतात आणि बारकाईने पाहतात, हे कागदावर दिसले तरच अशा जागांकडे लक्ष जाते आणि निधी मागायला आधार मिळतो. पाच मिनिटांचे काम आहे, पण तेरसाठी पाहुण्याने करण्यासारखे सर्वांत उपयोगी काम तेच आहे.